सफरचंदाला फळं लागली, आता ठेवायची किती? वाचकांचे प्रश्न

गोव्यात सफरचंद होतं का हा प्रश्न आता मागे पडला, अॅना, डॉरसेट गोल्डन, एचआरएमएन-९९ या कमी थंडीवर भागणाऱ्या जातींची कलमं लोकांनी परसात, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला, अगदी टेरेसवर ड्रममध्ये लावलीत आणि त्यांना फुलं येतायत. आता जे मेसेज येतात ते बहुतेक फळांच्या ओझ्याबद्दल असतात, म्हणून आज तेवढेच घेतलेत.

आधी एक गोष्ट, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. काश्मीर-हिमाचलच्या जुन्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांच्या खाली ८०० ते १००० तास किंवा त्याहून जास्त थंडी लागते, अॅनासारखीला २००-३०० तासांवर भागतं. आपल्याकडे जानेवारीतली पहाटसुद्धा १८-२० अंशांच्या आसपास, म्हणजे असे तास शून्यच. झाड नीट झोपत नाही, त्यामुळे डोळे (फांदीवरचे कोंब) एकदम फुटत नाहीत, फांदीच्या टोकाचे आधी फुटतात आणि मधले तसेच मुके राहतात. मग सगळी फळं टोकाला, फांदी वाकते, मोडते. थंड प्रदेशात जे काम हिवाळा करतो ते इथे आपल्या हातांनी करावं लागतं.

वाळपईहून: ताई, एचआरएमएन-९९ लावून दीड वर्ष झालं, झाड माझ्या खांद्याएवढं आहे आणि पंचवीसेक फळं लागलीत. आई म्हणते पहिली फळं आहेत, काढू नको. काय करू?

काढा. आईंना एक फळ देवासाठी ठेवून द्या, खोडाजवळच्या जाड फांदीवरचं, बाकी सगळी काढा. मला माहीत आहे हे जिवावर येतं पण दीड वर्षाच्या झाडाला अजून मुळं पसरायचीत, खोड जाड व्हायचंय, आणि पानांनी तयार केलेलं अन्न फळं आधी ओढून घेतात, मुळांना उरलंसुरलं मिळतं. असं झाड तिथेच अडकतं, पुढे कितीही शेणखत घाला ते खुजं राहतं. त्यात आपला पावसाळा, जूनपासून चार महिने मुळं ओल्या मातीत असतात, अशक्त मुळं तिथेच कुजतात. पहिली दोन वर्षं तरी फळ धरायचं नाही, तिसऱ्या वर्षी थोडी ठेवायची. आणि पुढच्या वेळी फळं होईपर्यंत थांबू नका, फुलं असतानाच चिमटीने खुडा, फक्त फुलांखालची पानं तशीच ठेवा, त्या पानांची झाडाला गरज आहे.

म्हापशाहून: आमचं अॅनाचं झाड चार वर्षांचं आहे, एकेका जागी पाच-पाच फळांचा झुबका आहे. विरळणी करायची, म्हणजे जास्तीची फळं काढायची, ती नेमकी कधी आणि कशी? हात लावायला भीती वाटते.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून सविस्तर सांगते.

झुबका हातात धरून नीट बघा. पाच-सहा फुलांपैकी मधलं फूल सगळ्यात आधी उमलतं, त्याचं फळ बाकीच्यांपेक्षा थोडं मोठं असतं आणि देठही जाड असतो. ठेवायचं ते बहुतेक हेच, पण ते वाकडं असेल किंवा किडलं असेल तर मग बाजूचं जे सरळ असेल ते ठेवा. डाव्या हाताच्या बोटांनी झुबक्याचं बूड धरायचं आणि छोट्या कात्रीने फळाचा देठ मधोमध कापायचा. ओढायचं नाही. त्या बुडाशीच पुढच्या बहाराचा डोळा तयार होणार असतो, ओढलं की तो फळाबरोबर निघून येतो. राहिलेला देठाचा तुकडा आठवड्याभरात सुकून आपोआप पडतो.

वेळ म्हणाल तर फळं करवंदाएवढी झाली की लगेच. फळाच्या आतल्या पेशींची संख्या वाढायचा काळ फूल उमलल्यापासून चार-सहा आठवड्यांचा, आपल्या उष्णतेत तो आणखी लवकर संपतो, त्यानंतर विरळणी केली तर फांदी वाचते पण उरलेली फळं फारशी मोठी होत नाहीत. मी दोन टप्प्यांत करायला सांगते कारण इथे फुलं एकाच वेळी येत नाहीत, एका फांदीवर करवंद आणि शेजारी अजून कळी असं चित्र असतं आणि वर थोडी फळं झाड स्वतःहूनही टाकतं. म्हणून पहिल्यांदा झुबक्यात दोन ठेवा, पंधरा दिवसांनी फेरी मारून एक करा. उशिरा आलेली कळी खुडून टाका, तिचं फळ पावसात सापडणार.

आता किती ठेवायची. साधा हिशेब असा की दोन फळांमध्ये एक वीत अंतर पाहिजे आणि एका फळामागे तीस-चाळीस चांगली पानं पाहिजेत. पूर्ण झाडाचा अंदाज हवा असेल तर कलमाच्या जोडापासून वीतभर वर खोडाला शिंप्याची टेप गुंडाळा. घेर १२ सेंटिमीटर आला तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४, त्याला १२.५ ने भागा, साडेअकरा आले, हे झालं खोडाचं चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ. व्यापारी बागांत एका चौरस सेंटिमीटरला चार ते सहा फळं धरतात, मी गोव्यासाठी तीनच सांगेन, म्हणजे या झाडावर पस्तीसच्या आत. का कमी? आपल्या रात्री गरम असतात, झाड दिवसा जी साखर बनवतं त्यातली बरीच रात्री श्वसनातच खर्च होते. जास्त फळं ठेवली की सगळीच पाणचट. लाल रंगाची अपेक्षाही ठेवू नका, त्याला गार रात्री लागतात.

खाली पडलेल्या फळांपैकी एक आडवं कापून बिया मोजा. चांगलं परागीभवन झालेल्या फळात आठ-दहा बिया दिसतात, दोन-तीनच असतील तर फळ एका बाजूला चपटं होतं आणि तीच आधी गळतात. अशी चपटी फळं विरळणीत पहिली काढायची.

केप्याहून: गेल्या वर्षी फांद्यांना बांबूचे टेकू लावावे लागले इतकी फळं होती. यंदा एक फूल नाही. झाड आजारी आहे का? खत वाढवू का?

आजारी नाही, आणि खत वाढवू नका, नत्र वाढवलं तर नुसता फुटवा येईल. हे गेल्या वर्षीच्या ओझ्याचं बिल आहे. फळातल्या कोवळ्या बिया जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते शेजारच्या डोळ्याला फुलाचा डोळा होऊ देत नाही. पुढच्या बहाराचे डोळे फुलाचे होणार की पानाचे हे साधारण फूल आल्यावर सहा-आठ आठवड्यांत ठरायला लागतं, म्हणजे झाडावर फळं लहान असतात तेव्हाच. काढणी लवकर करून उपयोग होत नाही तो यामुळेच. आंबा एक वर्ष आड येतो हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे, तिथे झाड एवढं मोठं असतं की आपण काही करू शकत नाही, सफरचंदाच्या झाडाला तुमचा हात पोचतो हा मोठा फायदा आहे.

आता खरी काळजी पुढच्या वर्षीची. यंदा रिकामं राहिलेलं झाड पुढच्या बहाराला फुलांनी भरून जाईल, तुम्हाला आनंद होईल आणि तिथेच परत तेच चक्र सुरू होईल. त्या वेळी फुलांवरच अर्धे झुबके पूर्ण काढा, एक ठेवा एक रिकामा करा, आणि उरलेल्यांत एकेकच फळ. दोन बहार असं केलं की झाड बऱ्यापैकी लायनीवर येतं. या वर्षी मोकळ्या वेळात उभ्या फांद्या सुतळीने बांधून आडव्या करा, जमिनीला अगदी समांतर नको, थोड्या वर. आडव्या फांदीवर मधले डोळेही फुटतात, मग ओझं टोकाला न साचता फांदीभर वाटलं जातं.

मडगावहून: टेरेसवर ड्रममध्ये अॅनाचं एकच झाड आहे. फुलं येतात, फळ वाटाण्याएवढं होतं आणि गळतं. तुम्ही सगळ्यांना काढायला सांगता, आमच्याकडे राहतच नाही!

एकच झाड हेच कारण असण्याची शक्यता जास्त. अॅना स्वतःच्या परागावर थोडीफार धरते पण सोबतीला दुसरी जात असली तर खूप फरक पडतो, डॉरसेट गोल्डन साधारण त्याच वेळी फुलते म्हणून जोडीला तीच लावतात. दुसऱ्या ड्रमला जागा नसेल तर ओळखीत कोणाकडे डॉरसेट असेल तिथून फुललेली काडी आणून बाटलीत ठेवा, मऊ ब्रशने सकाळी पराग लावा. आणि टेरेसवरचा ड्रम मार्च-एप्रिलमध्ये तापतो, दुपारी माती सुकली की झाड सगळ्यात आधी फळं सोडतं. ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळा, वर सोडणाचा (नारळाच्या सालीचा) जाड थर द्या, पाणी एकदम भरपूर नको, सकाळी आणि गरज वाटली तर संध्याकाळी थोडं थोडं. ड्रमच्या झाडावर धरलीच तर दहा-बारा फळं पुष्कळ झाली.

डिचोलीहून: ऑक्टोबरमध्येच फुलं आली. ठेवायची की काढायची? आणि पानं काढा म्हणतात ते खरं का?

पावसात पानांवर डाग पडून पानगळ होते, मग जे डोळे जानेवारीसाठी होते ते ऊन पडल्यावर ऑक्टोबरमध्येच फुटतात. झाडाकडे नीट बघून ठरवा. चार-सहा झुबके असतील तर खुडून टाका. अर्ध्याहून जास्त झाड फुललं असेल तर तोच बहार धरा, विरळणी करा, आणि डिसेंबरमध्ये पानं काढायच्या भानगडीत पडू नका. एका झाडावर दोन वयांची फळं वागवायची नाहीत, दोन्ही पिकं हलकी येतात आणि पुढच्या बहाराला डोळेच उरत नाहीत.

पानं काढायचं खरं आहे, थंडी नसताना डोळे एकदम फुटावेत म्हणून ते करतात. इंडोनेशियात जावा बेटावर बाटूच्या भागात सफरचंदाची पानं काढून वर्षात दोन पिकं घेतात, पण ती जागा उंचावर आहे, रात्री आपल्यापेक्षा बऱ्याच गार, म्हणून आपण एकच बहार धरायचा. फुलापासून काढणीपर्यंत साडेतीन-चार महिने धरा, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत फळं उतरली पाहिजेत आणि फुलं जानेवारीच्या मध्यापर्यंत यायला हवीत. तर पाऊस संपला की पाणी हळूहळू तोडा, डाळिंबवाले ताण देतात तसा थोडा ताण द्या, पण जांभ्या मातीत ओल पटकन जाते म्हणून झाड कोमेजू देऊ नका, आणि डिसेंबरच्या मध्याला पानं एकेक करून हाताने खुडा, देठाच्या बुडाचा डोळा सांभाळून. मग पाणी सुरू करा. दोन-चार आठवड्यांत डोळे फुगतात.

फोंड्याहून: एवढं हाताने कोण करणार, फवारणी नाही का?

घरच्या झाडांना नाही, हे स्पष्टच सांगते. विरळणीसाठी बाहेरदेशी कार्बारिल हे कीटकनाशक वापरायचे, त्यावर भारतात २०१८ मध्ये बंदी आली. डोळे फोडायला नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावतात, ते अतिशय विषारी आहे, आणि लावायच्या आधी किंवा नंतर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, श्वास अडकणं इथपर्यंत जातं. भाटात (बागेत) काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी एक पेग घेतला तर? हा धोका चार झाडांसाठी कोणी घेऊ नये. दोन झाडांची विरळणी एका सकाळच्या कामाची आहे, मुलांना सोबत घ्या, मधलं फळ ओळखायला ती पटकन शिकतात.

पेडण्याहून: काजूची जुनी झाडं काढून दोनशे सफरचंदं लावू का?

नको. काजू ठेवा. सफरचंदाची आधी चार झाडं लावा, उंचवट्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी, वेगवेगळ्या दोन जातींची, तीन पावसाळे त्यांना काढू द्या आणि दरवर्षी झाडामागे किती फळं ठेवली, किती वजन उतरलं, माकडांनी किती नेली हे वहीत लिहा. जुने गोवेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात ती वही घेऊन जा, तेव्हा आकड्यांवर बोलता येईल.