कुठला पार्ट मशीनसोबतच द्यायचा, हे कोण ठरवतं?

भांडुपहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून ओळखीच्यांना पीसी जोडून देतो. त्याचा प्रश्न: "काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, काहींत स्लॉट असतो. हे कोण ठरवतं? मला तेच काम करायचंय. बाबा म्हणतात, हार्डवेअरमध्ये काही ठेवलं नाही, कॉम्प्युटरला जा."

मित्रा,

हे एकटं कोणी ठरवत नाही. हार्डवेअर आर्किटेक्ट, प्रॉडक्ट मॅनेजर, खरेदी विभाग, सर्व्हिसवाले यांच्यात बरीच खडाजंगी होते, मग पार्टची यादी पक्की होते. त्या बैठकीत तुला बसायचं असेल तर आधी एक गोष्ट समजून घे. पार्ट ऑप्शनल ठेवला की मशीन स्वस्त होतं, हे खरं. पण तो सगळ्यांकडे असेलच असं धरून सॉफ्टवेअर लिहिता येत नाही.

आयबीएमचा 1981 चा पीसी बघ. सर्वात स्वस्त मॉडेल 1,565 डॉलरचं, त्यात 16 किलोबाइट मेमरी आणि फ्लॉपी ड्राइव्ह नाही! मॉनिटरही वेगळा घ्यायचा. गणितासाठीच्या 8087 चिपला बोर्डावर रिकामं सॉकेट तेवढं होतं. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करायचं? चिप असली तर हा रस्ता, नसली तर तो. 1989 मध्ये इंटेलच्या 486 प्रोसेसरच्या पोटातच ते गणिताचं सर्किट आलं. आणि गंमत म्हणजे 1991 मध्ये इंटेलनेच ते बंद करून 486 एसएक्स स्वस्तात विकला.

ॲपलने 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये उलट केलं. प्रत्येक मशीनसोबत माऊस. म्हणून मॅकचा प्रत्येक प्रोग्राम माऊस धरूनच लिहिला गेला. पण त्याच मशीनमध्ये 128 किलोबाइट मेमरी कायमची जोडलेली होती, ती लगेच तोकडी पडली, आणि त्याच वर्षी 512 किलोबाइटचं मॉडेल आणावं लागलं. माऊसचा निर्णय मला अजूनही धाडसी वाटतो. मेमरीचा मात्र कंजूष.

तुझ्या सोल्डर केलेल्या रॅमचंही तसंच. बोर्डावर सोल्डर करतात ती एलपीडीडीआर प्रकारची मेमरी वीज कमी खाते, बोर्ड पातळ होतो. गिऱ्हाइकाला मात्र चार वर्षांनी वाढवता येत नाही, आणि शिव्या तुझ्यासारख्या जोडणाऱ्याला बसतात.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पार्ट जोडून देण्यात पुढे फारसं काही नाही. डिझाइनमध्ये आहे. पण त्याच्या नोकऱ्या मुख्यतः बंगळूर-हैदराबादकडे, तेव्हा घरापासून लांब जायची तयारी ठेव.

डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) घे. माटुंग्याचं व्हीजेटीआय हे कॉलेज पसंतीच्या यादीत वर ठेव. सी भाषा पक्की कर, कायकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर एखादा छोटा बोर्ड स्वतः काढ आणि त्याच्या प्रत्येक पार्टची किंमत मांडून बघ. हिशेब येणारा इंजिनिअर त्या बैठकीत टिकतो. बाबांनाही तो कागद दाखव, नुसत्या बोलण्यापेक्षा बरा.

प्रवेशाचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. डोमिसाइल आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेव. ऐनवेळी सेतू केंद्रावर फार गर्दी असते.