करार फ्रिजवरून खाली काढा

पत्र : मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत ५,००० मीटरला चौथी आली. आता बुटांच्या एका कंपनीने दोन वर्षांचा करार पुढे केलाय, वर्षाला ४० हजार डॉलर. इथे पूर्ण स्कॉलरशिप आहे, डिग्रीला एकच वर्ष उरलंय. हे म्हणतात, आधी डिग्री, मग काय पळायचं ते पळ. तिने कराराची पानं छापून फ्रिजवर लावलीत. रोज दूध काढताना दिसतात. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. — एक आई, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : ती पानं खाली काढा आणि तिला शेजारी बसवून हिशोब मांडा. ४० हजारांतून एजंटचे साधारण १५ टक्के गेले, म्हणजे ६ हजार. धावपटू कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो, त्यामुळे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी करांचे दोन्ही वाटे, नोकराचा आणि मालकाचा, त्याच्याच खिशातून जातात. सुमारे २९ हजार उरले, आणि इन्कम टॅक्स अजून भरायचाच आहे. त्यात ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला उंचीवर सरावाला जायचं तर तिथलं भाडं, फिजिओ, विमानाची तिकिटं. हे सगळं आज कॉलेज देतंय, शिवाय लाँग रनला सोबत पळणाऱ्या मुलीही. विमा मात्र २६ वर्षांपर्यंत तुमच्या प्लॅनवर चालतो, तेवढा घोर नको.

आपल्या मनात धावपटूचं चित्र वेगळं असतं. बीडचा अविनाश साबळे सैन्यात, साताऱ्याची ललिता बाबर पळत होती तेव्हा रेल्वेत. पायाला दुखापत झाली तरी पगार चालू. अमेरिकेत ती सोय फारशी नाही, बहुतेकांना आहे तो बुटांचा करार. त्यातही बहुतेकदा कपातीची कलमं असतात: ठरलेल्या शर्यती पळाली नाही किंवा क्रमवारीत घसरली, तर रक्कम कमी. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला की कित्येक आठवडे घरी बसावं लागतं. तेव्हा काय, हे त्या पानांत शोधा.

तरीही 'आधी डिग्री' हे सरसकट उत्तर मला पटत नाही. कॉलेजात शरद ऋतूत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात ट्रॅक. वर्षातून तीनदा शिखर गाठायचं आणि उरलंसुरलं बळ घेऊन उन्हाळ्यात देशाच्या निवड चाचणीला उभं राहायचं. जिला कॉलेजात जिंकायला काही उरलंच नाही, तिने तिथे का झिजावं? फ्लोरिडाच्या पार्कर वॅल्बीने २०२४ मध्ये एकाच राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत ५,००० आणि १०,००० दोन्ही जिंकले, पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरला ११वी आली आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाली. बरोबरच केलं.

तुमची लेक चौथी आहे. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही. पण अमेरिकेच्या संघात एका शर्यतीला तीनच जणी जातात, आणि कॉलेजातही तिच्यापुढे अजून तिघी आहेत. हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स पॅरिसमध्ये ५,००० मीटरला नववा आला तेव्हा विद्यार्थीच होता. परत येऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने क्रॉस कंट्रीचं राष्ट्रीय विजेतेपद दुसऱ्यांदा घेतलं आणि मगच कंपनीशी करार केला. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. एक सीझन अजून, आणि मग भाव वाढवून बोलणी. जुलै २०२१ पासून कॉलेजात राहूनही स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, त्यामुळे ते वर्ष काही कोरडं जाणार नाही.

आणि आत्ताच सही करायची ठरली, तर कराराची मुदतही बघा. दोन वर्षांचा म्हणजे तुमच्या पानांवर तो डिसेंबर २०२७ ला संपतो, आणि लॉस एंजेलिस ऑलिंपिक आहे जुलै २०२८ मध्ये! सगळ्यात महत्त्वाच्या उन्हाळ्यात पोरगी करारावाचून. ३१ डिसेंबर २०२८ पर्यंतची मुदत मागा, आणि डिग्री पुरी करायची फी कंपनीने द्यावी हेही लेखी मागा. काही कंपन्या देतात. बाबांचा निम्मा राग तिथेच उतरेल. उरलेला निम्मा गणपतीच्या पॉटलकला 'मग सध्या ती करते काय?' या प्रश्नाचा असावा, असा आपला माझा संशय.

आता एक गोष्ट फक्त तुम्ही विचारू शकता, बाबा नाहीत. तिची पाळी वेळेवर येते का? लांब पल्ल्याच्या मुली वजन उतरवण्याच्या नादात पुरेसं जेवत नाहीत, पाळी थांबते, मग हाडं तडकतात. अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१३ मध्ये शाळेतूनच थेट व्यावसायिक झाली होती. वजनासाठी प्रशिक्षकाचा दबाव, तीन वर्षं बंद असलेली पाळी आणि मोडलेली पाच हाडं, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तुमच्याकडे असं काही असेल तर करार राहू द्या, आधी स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे जा. आणि नवा कोच कोण, त्याच्याकडच्या मुली तीन-चार वर्षांनी कुठे आहेत, हे रकमेच्या आधी विचारा.

तुमच्या लेकीचा जन्म इथला असावा असं धरून लिहिलंय. ज्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून आली आणि २१ पूर्ण झाल्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली, त्यांच्यासाठी गणितच वेगळं. विद्यार्थी व्हिसावर असा करार करणं स्टेटसला घातक ठरू शकतं. तिथे इमिग्रेशन वकील आधी, एजंट नंतर.

एजंटवरून आठवलं. त्याने 'नुसती ओळख म्हणून' पुढे केलेल्या कागदावरही तिने सही करू नये. त्या एका सहीने कॉलेजकडून पळण्याचा हक्क जाऊ शकतो. कागद आधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडूंचे नियम पाहणाऱ्या कचेरीत दाखवा, आणि तिथे तिला एकटीलाच जाऊ द्या.