चंद्रपूरच्या निवृत्त संचाची टर्बाइन गॅस टर्बाइनच्या मागे जोडता येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच काढले, तर तसली वाफेची टर्बाइन भंगारात घालण्यापेक्षा कंबाइन्ड सायकलमध्ये, म्हणजे गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ बनवून आणखी वीज काढणाऱ्या केंद्रात, का वापरत नाहीत? मी भद्रावती तालुक्यातला, टर्बाइन फिटर. ओव्हरहॉलच्या गँगसोबत कोळशाच्या केंद्रांतही राहिलो, उरणच्या गॅसवाल्या केंद्रातही. जोडता येते, जुन्या संचांना गॅस टर्बाइन लावायचे प्रयोग परदेशात झालेले आहेत. फक्त बाहेरून सारखी दिसणारी ही दोन यंत्रं आतून बरीच वेगळी असतात.

उरणला १०८ मेगावॅटच्या चार गॅस टर्बाइन आणि १२० च्या दोन वाफेच्या. म्हणजे दोन गॅसच्या मागे एक वाफेची. वाफेसाठी तिथे वेगळा जाळ नाही. गॅस टर्बाइनमधून सुटणारा पाचशे अंशांच्या आसपासचा धूर बॉयलरमधून जातो, त्यातून निघेल तेवढीच वाफ. गॅसचा लोड कमी झाला की वाफेचा दाबही उतरतो, आणि टर्बाइन तो मुकाट्याने स्वीकारते. व्हॉल्व्ह सहसा पूर्ण उघडेच ठेवतात.

आता मुख्य फरक. कोळशाच्या टर्बाइनमधून वाफ जाताना मध्येमध्ये थोडी काढून घेतात आणि तिच्यावर फीड हीटरमध्ये बॉयलरचं पाणी तापवतात. त्यामुळे शेवटच्या पात्यांपर्यंत साधारण दोन तृतीयांशच वाफ पोचते, आउटलेट सुटत सुटत कालव्याच्या शेपटीला पाणी कमी व्हावं तशी. कंबाइन्ड सायकलमध्ये उलट होतं. तिथे बॉयलरला गारच पाणी हवं असतं, कारण चिमणीकडच्या टोकाला धुरात उरलेली शेवटची ऊब तेच पाणी ओढून घेतं. कोळशाच्या बॉयलरमध्ये ती ऊब जाळाला लागणारी हवा तापवायला जाते, म्हणून तिथे पाणी आधीच तापवलेलं चालतं. शिवाय मोठ्या कंबाइन्ड सायकल केंद्रात बॉयलर दोन-तीन दाबांची वाफ बनवतो आणि कमी दाबाची वाफ टर्बाइनमध्ये मध्येच आत सोडतात. म्हणजे तोंडाशी जेवढी, त्याहून जास्त शेपटीला.

म्हणून २१० वाल्या टर्बाइनच्या हीटरच्या वाटा बंद करून पूर्ण वाफ सोडली, तर मागच्या पात्यांना आणि कंडेन्सरला, म्हणजे वापरलेल्या वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागाला, झेपणार नाही. मग पुढूनच वाफ कमी करावी लागते, आणि पुढचा भाग अर्धपोटी चालतो. तापमानाचंही बघा. त्या टर्बाइनला ५३५ अंशांची वाफ लागते. धूर वाफेपेक्षा वीस-तीस अंश तरी जास्त गरम हवा, म्हणजे उरणसारख्या जुन्या पिढीच्या गॅस टर्बाइनने भागत नाही.

माझ्या मते याहून मोठी अडचण रोजच्या चालू-बंदची आहे. टर्बाइनचं जाड केसिंग (बाहेरचं कवच) आणि जड रोटर (आतला फिरणारा दांडा) महिनोन्‌महिने सलग चालायला बनवलेले. सौरविजेच्या काळात गॅसचं केंद्र दुपारी थांबवून संध्याकाळी उठवायचं म्हटलं, तर प्रत्येक वेळी तापताना-निवताना त्या जाड धातूत ताण येतो आणि भेगांची भीती असते. त्यात आधीच तीस-पस्तीस वर्षांची सेवा झालेली. मी तरी अशा रोटरला हात लावायच्या आधी त्याची अल्ट्रासॉनिक तपासणी मागेन.

गॅसचा भाव हा तर वेगळाच विषय. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी उशाशी असताना महागडा गॅस कोण जाळणार? कंबाइन्ड सायकलची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास जाते, जुन्या कोळशाच्या संचाची ३५ च्या घरात, तरी देशातली कितीतरी गॅस केंद्रं नुसती उभी आहेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी गॅसच्या बाजूने. तिथे एकतृतीयांशच वीज वाफेची, म्हणून कूलिंग टॉवरमधून उडणारं पाणी प्रति युनिट बरंच कमी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलिंग टॉवरचं पाणी नीट निवत नाही, कंडेन्सरमधला व्हॅक्यूम (निर्वात) पडतो, लोड घटतो. इरई धरणावरच्या केंद्रात काम केलेल्याला हे सांगायला नको. म्हणून जुन्या संचातलं काही वाचवायचंच असेल तर टर्बाइनपेक्षा त्याची जागा, स्विचयार्ड (वीज ग्रिडला जोडणारं आवार) आणि पाण्याची मंजुरी आधी वाचवा.