गुठळी विरघळते कशी?

प्रश्न: बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. शरीर स्वतःहून हे करत नाही का?

उत्तर: करतं की! विळीवर बोट कापलं की फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं होतं, त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते, मग जखम भरत आली की प्लाझमिन नावाचं एन्झाइम तेच धागे तोडतं, कोविडमधली डी-डायमर टेस्ट आठवतेय ना, त्यात मोजतात ते ह्या धाग्यांचेच तुकडे. पण हार्टच्या रक्तवाहिनीत मोठी गुठळी अडकली तर तेवढा वेळच नसतो हो, म्हणून स्ट्रेप्टोकायनेजसारखं इंजेक्शन, १९३३ साली जिवाणूंमध्ये सापडलेलं, रक्तातल्या झोपलेल्या प्लाझमिनोजेनला जागं करून त्याचं प्लाझमिन करतं. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, रक्तस्राव होऊ शकतो.