गोठ्यात गाड्यांचं वर्कशॉप केलं आणि तहसीलची नोटीस आली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या बाकीच्यांनाही समजेल. वडिलोपार्जित शेतात जुना दगडी गोठा आहे, आठ वर्षं झाली तिथे जनावरं नाहीत. तुम्ही स्वतःच्या पैशाने कोबा केला, पत्रे बदलले, शटर बसवलं, गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट आणली आणि आता तिथे १९७० सालची अँबॅसेडर आणि १९८६ ची प्रीमियर पद्मिनी उघडून ठेवलीय. सातबारा तुमच्या आणि चुलतभावाच्या नावावर सामाईक आहे. त्याने तक्रार केली, तलाठी पंचनामा करून गेले, आणि आता तहसीलदारांची नोटीस आलीय की विनापरवाना अकृषिक वापराबद्दल १५ दिवसांत खुलासा करा. तुम्ही विचारताय की जागा माझी, गोठा माझा, मी धंदा करत नाही, कुणाचा रुपया घेत नाही, मग परवानगी कसली?

सगळ्यात आधी एक करा, आजपासून गोठ्यातलं बांधकामाचं काम थांबवा. गाड्या आहेत तिथे राहू द्या, लिफ्ट काढू नका, पण नवीन भिंत नको, नवीन पत्रा नको. पंचनामा झाल्यानंतर वाढवलेली प्रत्येक वीट तुमच्या विरोधात मोजली जाते आणि मग अधिकाऱ्याला "याला नियमात बसायचंच नाहीये" असं वाटतं, ते एकदा वाटलं की पुढचं सगळं जड जातं.

आता मुद्द्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतजमिनीवर परवानगीशिवाय काय बांधता येतं ते सांगितलंय, त्याला शेतघर म्हणजे फार्म बिल्डिंग म्हणतात आणि त्याची व्याख्या कलम २ मध्येच दिलीय. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, धान्य साठवायची जागा, जनावरांचा निवारा, कुटुंबाची किंवा शेतावरच्या नोकरांची राहण्याची सोय, आणि शेती करण्याचाच भाग असलेली इतर कुठलीही गोष्ट. कलम ४१ खाली हे बांधायचा हक्क शेतकऱ्याला आहे. तुमचा गोठा जोवर गोठा होता तोवर कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. उद्या त्यात तुम्ही स्वतःचा ट्रॅक्टर उभा केलात, नांगर-रोटाव्हेटर ठेवलेत, तिथेच ट्रॅक्टरचं क्लच प्लेट बदललंत तरी ते शेतीतच धरलं जाईल. पण जुन्या कार उघडून पुन्हा उभ्या करणं हे शेतीचा भाग आहे असं मी कुठल्याही अधिकाऱ्यासमोर मनापासून म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही खुलाशात तसं लिहू नका.

इथे खूप लोक फसतात म्हणून जरा थांबून सांगतो. कायदा तुम्ही पैसे घेता का हे आधी विचारत नाही, जागेचा वापर शेतीसाठी आहे का हे विचारतो. छंद असला तरी तो अकृषिक वापरच. पैसे घेत नाही या गोष्टीचा उपयोग आहे, पण तो दुसरीकडे, म्हणजे हा व्यापारी वापर नाही हे दाखवायला आणि दंड कमी व्हावा म्हणून. भिंती जुन्याच आहेत, बाहेरून काही बदललेलं नाही, हा बचावही चालत नाही, कारण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दात इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदलसुद्धा येतो.

म्हणून नोटीस हातात घ्या आणि ती कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. महसूल संहितेचं कलम ४५ असेल तर प्रश्न अकृषिक वापराचा आहे, दंड होऊ शकतो आणि वापर बंद करायचा आदेशही निघू शकतो. नगररचना अधिनियमाचं कलम ५३ असेल तर गंभीर आहे, तिथे पाडकामापर्यंत जातं, पण त्याच कलमात तुमच्यासाठी एक दारही आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत तुम्ही कलम ४४ खाली बांधकाम किंवा वापर कायम ठेवण्याची परवानगी मागितली तर त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला किंवा वापराला बाधा येत नाही. मुदत संपल्यावर हे दार बंद. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत माणूस ओळखीच्या मागे धावत बसला आणि तारीख निघून गेली.

तुमच्या पत्रावरून ही कलम ४५ ची नोटीस वाटतेय. तर खुलासा १५ दिवसांत द्याच, लेखी द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. त्यात खरं लिहा की गोठा जुना आहे (किती सालचा ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीवरून, सांगता आलं तर उत्तम), जनावरं नाहीत, स्वतःच्या दोन जुन्या गाड्या दुरुस्त करण्यासाठी वापर सुरू केला, व्यवसाय नाही, नोकर नाही, परवानगी लागते हे माहीत नव्हतं, आता नियमित करून घेण्याची तयारी आहे. 'फक्त पार्किंग आहे' असं लिहू नका. पंचनाम्यात लिफ्ट आणि कंप्रेसर आलेत, खोटं एकाच वाक्यात पकडलं जाईल. आदेश विरोधात गेलाच तर कलम २४७ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आहे, मुदत ६० दिवस.

नियमित होईल का? ते जमीन कुठल्या झोनमध्ये आहे यावर आहे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा. एनएचे म्हणजे अकृषिक परवानगीचे नियम २०१४ आणि २०१७ च्या दुरुस्त्यांपासून बरेच सैल झालेत. विकास आराखड्यातली निवासी वगैरे जमीन असेल किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली असेल तर मार्ग तुलनेने सोपा आहे, लागू असेल तो कर किंवा शुल्क भरायचं आणि नकाशा मंजूर करून घ्यायचा. जमीन शेती विभागात, गावापासून लांब असेल तर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्या विभागात जे वापर चालतात त्यातच बसवावं लागेल, आणि इथे चांगला लायसन्स इंजिनिअर वकिलापेक्षा जास्त कामाचा असतो, हे मी वकील असून सांगतो. अर्जाची आजची पद्धत तहसीलमध्येच विचारून घ्या, हे वारंवार बदलतंय.

सातबारा स्वतः पुन्हा वाचा. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे शासनाच्या अटी असलेली जमीन, असं लिहिलंय का? असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय काहीच नको. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल. आणि गोठा रोजगार हमीतून किंवा कुठल्या अनुदानातून बांधला असेल तर ते मला आधी कळवा, कारण जनावरांसाठी दिलेल्या पैशावर गाड्यांचं वर्कशॉप उभं आहे असं रेकॉर्डवर आलं तर वसुली निघू शकते.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलात. तुमचा चुलतभाऊ.

सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, तो महसुली नोंदीचा कागद आहे, नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंत. पण तो सामाईक आहे याचा अर्थ वाटणी झालेली नाही, आणि वाटणी होईपर्यंत त्या शेताच्या प्रत्येक हातभर जागेत त्याचा हिस्सा आहे, गोठ्यातही आणि तुम्ही केलेल्या कोब्याखालच्या मातीतही. "गोठ्याची बाजू आमच्याकडेच होती, आजोबांच्या वेळेपासून" हे तुम्ही लिहिलंय, ते वहिवाट म्हणून महत्त्वाचं आहे, तोंडी वाटणीचा आधार म्हणून उपयोगी पडू शकतं, पण त्यावर लाखोंची लिफ्ट उभी करणं धोक्याचं होतं. तो उद्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा आणि सोबत मनाई हुकमाचा अर्ज टाकू शकतो, आणि मग तहसीलने परवानगी दिली तरी काम थांबेल. एनएच्या अर्जावर सगळ्या सहधारकांची संमती लागते हेही लक्षात घ्या, म्हणजे त्याच्या सहीशिवाय तुमचा अर्जच पुढे सरकणार नाही.

मला तुमच्या पत्रातून असं वाटतंय की त्याला ग्राइंडरच्या आवाजाचा त्रास नाहीये, त्याला भीती आहे की तुम्ही रस्त्याकडची चांगली बाजू पक्कं बांधून कायमची धरून ठेवताय. त्याच्या जागी कुणालाही हेच वाटलं असतं. तुम्ही त्याला न विचारता शटर लावलंत, किल्ली तुमच्याकडे, त्यात त्याची जुनी बैलगाडी आणि वडिलांची पेटी होती म्हणता. किल्लीची एक प्रत त्याला आजच द्या. कायद्याने सांगतो म्हणून नाही फक्त, सहधारकाला बाहेर काढलं असा आरोप झाला तर तुमची बाजू कमजोर होते म्हणूनही.

मग बसा आणि वाटणी करा. संमती असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, किंवा वाटणीपत्र करून ते रजिस्टर करा. स्टॅम्प पेपरवर लिहून घरातल्या कपाटात ठेवलेला कागद चालणार नाही. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. गोठ्यापुरता छोटा तुकडा वेगळा काढायचा प्रयत्न करू नका, १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, त्यापेक्षा सगळ्या शेताची वाटणी अशी करा की गोठा तुमच्या सलग हिश्श्यात येईल आणि त्या बदल्यात रस्त्याकडची किंवा विहिरीकडची बाजू त्याला जास्त मिळेल. तडजोड नाहीच झाली आणि दावा लागला, तर सहहिस्सेदाराने ज्या भागात खर्च केलाय तो भाग शक्यतो त्याच्याच वाट्याला द्यावा असं कोर्ट बघतं, पण तो न्यायाचा विचार आहे, हक्क नाही, त्यावर विसंबून आणखी खर्च करू नका. पावत्या मात्र सगळ्या जपा.

विजेचं तुम्ही विचारलं नाही, पण वाचताना माझ्या पोटात गोळा आला. वेल्डिंग मशीन आणि कंप्रेसर शेतीपंपाच्या कनेक्शनवर चालवताय. हे आजच बंद. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या कारणासाठी वीज घेतली त्याशिवाय दुसऱ्या कारणासाठी वापर म्हणजे अनधिकृत वापर, त्याचं बिल लागू दराच्या दुप्पट लागतं, आणि वापर कधी सुरू झाला ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. त्याविरुद्ध अपील ३० दिवसांत करायचं आणि त्यासाठी आधी निम्मी रक्कम भरायची. चुलतभावाने तहसीलमध्ये तक्रार केलीय, वीज कंपनीकडे करायला त्याला एकच अर्ज पुरेसा आहे. वेगळं मीटर घ्या.

पेट्रोल ३० लिटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही हे धरून चला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना तेवढीच सूट आहे, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि एक डबा २५ लिटरच्या वर नको. प्लॅस्टिकचे कॅन त्यात बसत नाहीत. जुनं इंजिन ऑइल बांधावर ओतू नका, ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. विहीर दोघांची आहे, एवढं एक कारण पुरेसं आहे. रात्री १० नंतर ग्राइंडर नको.

आता गाड्या. पद्मिनीचं रजिस्ट्रेशन संपलं असेल तर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, ती सोपी आहे. अँबॅसेडरचं मला काळजीचं वाटतं. भंगारवाल्याकडून कागदाशिवाय घेतलीय आणि त्यात डिझेल इंजिन बसवायचं ठरवताय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तुमच्याकडे याहून चांगला रस्ता आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी मूळ स्वरूपात असेल, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि ती दहा वर्षं चालते. रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुमची अँबॅसेडर त्यात बसते, मात्र डिझेल इंजिन टाकलंत त्या दिवशी ती वाट बंद होईल. मूळ पेट्रोल इंजिन कोपऱ्यात पडलंय म्हणता, कृपा करून ते विकू नका.

त्याआधी चासी नंबर घेऊन आरटीओत मूळ मालक शोधा, आणि भंगारवाल्याकडून तारखेसह पावती लिहून घ्या. कागद नसलेली गाडी चोरीची निघाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं, आणि तुम्ही चांगल्या मनाने घेतली हे सांगायला त्या पावतीशिवाय हातात काही नसेल.

क्रम असा ठेवा. आज शेतीपंपाच्या कनेक्शनवरची मशीनं आणि बांधकाम बंद, किल्लीची प्रत भावाकडे. या आठवड्यात सातबारा, नमुना ८, झोन दाखला आणि नोटिशीची प्रत घेऊन माझ्याकडे किंवा तालुक्यातल्या महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, खुलासा बाराव्या दिवसाच्या आत गेला पाहिजे. मोजणीचा अर्ज त्यानंतर लगेच टाका, आणि तो टाकायला जाताना भावाला सोबत घेऊन जा, दोघांच्या सहीने.