माउंटन बाइक ट्यूबलेस करताय? आधी रिम तपासा

पावसाळा ओसरला, सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा वाळल्या, की बाभळीचे काटे आणि ट्यूबलेसचे, म्हणजे ट्यूब न घालता थेट टायरमध्ये हवा भरण्याचे, प्रश्न एकदमच सुरू होतात. पहिल्यांदा चाकं बदलणाऱ्यांचे गोंधळ बहुतेक ठरलेले असतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: ट्यूब काढल्यावर सायकल किती हलकी होते?

फारशी नाही. 29 इंची चाकाची साधी ट्यूब साधारण 200 ग्रॅमची असते. तिच्या जागी 100 मिली सीलंट (छिद्रं आतून बुजवणारा द्रव), रिममधली स्पोकची भोकं झाकणारी टेप आणि व्हॉल्व्ह येतात, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजन परत चढतंच. खरा फायदा कमी हवेवर चालवता येण्याचा आहे, आणि दगडावर आदळल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून जी पंक्चर होते ती बंद होण्याचा.

प्रश्न: माझी 27.5 इंची सायकल पाच वर्षं जुनी आहे. रिम ‘डबल वॉल’ आहे. दुकानदार म्हणतो, टेप मारली की कुठलीही रिम ट्यूबलेस होते आणि टायरही हाच चालेल. करून घेऊ का?

नाही. आणि हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘कुठलीही रिम चालते’ हे वाक्य दुकानांत सर्रास ऐकवलं जातं.

‘डबल वॉल’ म्हणजे रिमला आतून दोन भिंती आहेत, एवढंच. त्याने रिमला ताकद येते. ट्यूबलेसशी त्याचा संबंध नाही. ट्यूबलेससाठी लागतो तो रिमच्या आतल्या पृष्ठभागाचा विशिष्ट आकार. रबरी पट्टी काढून आत बघा. दोन्ही कडांना लागून टायरची बीड (रिमवर बसणारी कडक कडा) बसण्यासाठी सपाट पायरी हवी, त्या पायरीच्या आतल्या टोकाला बारीकसा उंचवटा हवा आणि मधोमध खोल खाच हवी. खाचेमुळे टायर चढवताना बीड सैल पडते. पायरीचा व्यास नेमका असल्यामुळे बीड तिथे घट्ट बसते. उंचवट्यामुळे ती पुन्हा खाचेत घसरत नाही.

साध्या रिममध्ये हे काम ट्यूब करते. फुगलेली ट्यूब बीडला आतून सतत बाहेर दाबून धरते, त्यामुळे रिमचा आकार थोडा ढिसाळ असला तरी चालून जातं. ट्यूब काढली की तो आधार गेला. मग घाट उतरताना एखाद्या वळणावर टायर आडवा दाबला जातो, बीड खाचेत पडते आणि हवा हळूहळू नाही, एका क्षणात संपूर्ण जाते. पुढच्या चाकाचं असं झालं तर सायकल सावरायला वेळच मिळत नाही. ‘माझ्या मित्राने असंच केलंय, दोन वर्षं काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. त्या मित्राची रिम आणि टायर योगायोगाने एकमेकांना घट्ट बसत असतील. तुमचे बसतीलच असं नाही.

टायरचंही तेच. बाजूवर ‘ट्यूबलेस रेडी’ किंवा कंपनीचं तसं चिन्ह हवं: मॅक्सिसवर ‘टीआर’, श्वाल्बेवर ‘टीएलई’, डब्ल्यूटीबीवर ‘टीसीएस’. बीडमध्ये तार असणं हा दोष नाही. चिन्ह नसणं हा दोष आहे. साध्या टायरची बीड ट्यूबलेसच्या मापाला बनवलेली नसते आणि त्याच्या पातळ बाजूंतून हवा झिरपते. अशा टायरमध्ये जास्त सीलंट ओतून देणारा दुकानदार तुमची अडचण सोडवत नाही, ती दोन आठवडे पुढे ढकलतो.

हल्लीच्या मध्यम किमतीच्या पुष्कळ सायकलींवर रिम ट्यूबलेस रेडी आणि टायर मात्र साधे असतात. तसं असेल तर फक्त टायर बदला. रिमवरचा ‘ट्यूबलेस रेडी’ छाप पुसला गेला असेल तर मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधा, किंवा ट्यूबलेसचं काम रोज करणाऱ्या मेकॅनिकला चाक उघडून दाखवा. त्याआधी काहीही विकत घेऊ नका.

प्रश्न: टेप किती रुंद घ्यायची? इलेक्ट्रिकलची काळी टेप चालते असं ऐकलं.

काळी टेप चालत नाही. ती ताणली जाते, उन्हात तिचा डिंक पातळ होतो, आणि स्पोकच्या भोकांवर ती हवेच्या दाबाने आत खचते.

रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 ते 5 मिमी जास्त रुंद टेप घ्या. आतली रुंदी 25 मिमी असेल तर 28 किंवा 30 मिमीची. टेपने दोन्ही पायऱ्या झाकल्या पाहिजेत, पण ती उभ्या भिंतीवर चढता कामा नये. चढली तर बीड बसताना तिला उखडते. 29 इंची दोन चाकांना एक थर द्यायला साधारण साडेचार मीटर टेप लागते, त्यामुळे 10 मीटरच्या रोलमध्ये दोन थर आरामात होतात.

टेपचं यश रिमच्या स्वच्छतेवर आहे. जुनी पट्टी काढा, डिंकाचे अवशेष खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. भोकांच्या कडेला धातूची धार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. व्हॉल्व्हच्या भोकाच्या 10 ते 15 सेंमी अलीकडून सुरुवात करा, संपूर्ण फेरी मारा आणि भोकाच्या तेवढंच पलीकडे संपवा, म्हणजे भोकावर दुहेरी थर येतो. एका हाताने टेप जोरात खेचून ठेवा आणि दुसऱ्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा. बुडबुडे राहिले तर सोडून पुन्हा लावा.

त्यानंतर टायर आणि जुनी ट्यूब घालून 30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरा आणि चाक रात्रभर ठेवा. टेप खाचेत आणि पायरीवर घट्ट चिकटते. हा टप्पा दुकानात घाईने गाळला जातो आणि मग ‘सीलंट वाईट होतं’ असं सांगितलं जातं. तुम्ही काम बाहेर करून घेणार असाल तर चाक एक रात्र तिथे ठेवायची तयारी ठेवा.

भोक पाडताना ब्लेडने फुली मारू नका. फुलीच्या टोकांपासून टेप फाटत जाते. तापवलेल्या टोकदार दाभणाने व्हॉल्व्हच्या जाडीपेक्षा लहान गोल भोक करा आणि व्हॉल्व्ह त्यातून दाबून बसवा. वरचं नट हाताने आवळा, पक्कडीने नाही. पंक्चर झाली आणि ट्यूब घालायची वेळ आली तर रानात ते नट बोटांनीच सुटायला हवं.

प्रश्न: माझ्या रिमला मोटारसायकलसारखं जाड व्हॉल्व्हचं भोक आहे. सायकलचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बसेल?

थेट नाही. जाड भोकासाठीचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह मिळतो, तोच घ्या. कोर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला हवा अडवणारा भाग, सुटा होणारा हवा, नाहीतर सीलंट व्हॉल्व्हमधून भरता येणार नाही.

प्रश्न: टायर रिमवर बसतच नाही, हवा बाजूने निघून जाते. एकाने कोल्ड्रिंकच्या बाटलीची टाकी बनवायचा व्हिडिओ पाठवला. पेट्रोल पंपावर नेऊ की ते करू?

बाटली करू नका. ती अशा वापरासाठी बनवलेली नसते आणि घरगुती जोडणी सुटली किंवा बाटली फुटली तर तुकडे तोंडावर येतात. ज्वलनशील स्प्रे पेटवून टायर बसवण्याचे व्हिडिओही फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊच नका.

पेट्रोल पंपाचा कॉम्प्रेसरही पहिला उपाय नाही. तो मोटारीच्या दाबासाठी लावलेला असतो आणि नळी धरणाऱ्याला तुमच्या टायरची मर्यादा माहीत नसते. ‘रोड बाइकला 90 भरतात, मग याला 60 का नको?’ असंही विचारलं जातं. टायर जितका रुंद, तितका त्याच दाबाला बीडवर आणि रिमच्या भिंतीवर जोर जास्त. टायरवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो; दोन्हींत जो कमी, ती तुमची मर्यादा. 2.3 इंची टायर बसवताना 40 पीएसआयच्या वर जायची गरज पडली तर चूक दुसरीकडे आहे, ती शोधा.

काम असं करा. शेवटची बीड चढवताना ती व्हॉल्व्हपाशी संपेल असं बघा आणि विरुद्ध बाजूची बीड मधल्या खाचेत ढकला. प्लास्टिकचा लिव्हर वापरा. स्क्रूड्रायव्हरने टेप फाटते. दोन्ही बीडना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हचा कोर काढा, म्हणजे हवा एकदम आत जाते, आणि फ्लोअर पंपाने भराभर हवा मारा. तरीही बसला नाही तर ट्यूब घालून दोन्ही बीड बसवा, मग फक्त एक बाजू सोडवून ट्यूब अलगद बाहेर काढा. एक बीड बसलेली राहिल्याने आता फक्त दुसरीच बसवायची उरते. नव्या, घडी घातलेल्या टायरला हा उपाय बहुतेक वेळा पुरतो.

बीड बसताना टप् टप् आवाज येतात. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते; ती संपूर्ण फेरीत रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत गेलेली असेल तर तिथे बीड बसलेली नाही. हवा काढून पुन्हा साबण लावा. तरीही तीच जागा राहिली तर कॉम्प्रेसर आणि प्रेशर रेग्युलेटर असलेल्या सायकल मेकॅनिककडे जा.

प्रश्न: सीलंट किती घालायचं? बाजारात मोटारसायकलचं अँटी-पंक्चर लिक्विड फार स्वस्त मिळतं.

ते घालू नका. ते घट्ट असतं, पातळ सायकल टायरच्या सूक्ष्म छिद्रांसाठी बनवलेलं नसतं, कोर बुजवतं आणि चाक नाहक जड करतं. ‘एकदाच भरा, आयुष्यभर पंक्चर विसरा’ असं लिहिलेली कुठलीही बाटली परत ठेवा.

सायकलचं लॅटेक्स सीलंट घ्या. 26 इंची टायरला 70 ते 90 मिली, 27.5 ला 80 ते 110, आणि 29 बाय 2.2 ते 2.4 ला 90 ते 120 मिली. पहिल्यांदा वरचा आकडा धरा, कारण नवा टायर बराच द्रव स्वतःच्या बाजूंना पिऊन घेतो. बाटली जोरात हलवा, सिरिंजने व्हॉल्व्हमधून भरा, कोर लावा, हवा भरा. चाक सर्व दिशांनी हलवून बादलीच्या तोंडावर आडवं ठेवा, अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी.

लॅटेक्स सुकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, दर महिन्याला तपासा: कोर काढून बारीक काडी आत घाला, टोक ओलं आलं तर ठीक. कोरडं आलं तर 50 ते 60 मिली नवं घाला.

प्रश्न: रात्री 25 पीएसआय भरले, सकाळी 10. सीलंट वाढवू?

आधी चाक पाण्यात बुडवा. बुडबुडे स्पोकपाशी किंवा व्हॉल्व्हपाशी आले तर टेप सुटली आहे. टायर उतरवून टेप नवी लावा, सीलंट वाढवून काही होणार नाही. टायरच्या बाजूला येत असतील तर चाक हलवा आणि एक-दोन फेऱ्या मारा, बंद होतील. बीडपाशी येत असतील तर तिथे माती आहे किंवा रिमला पोचा आहे. पोचा असेल तर मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न: हवा किती ठेवायची?

70 किलोचा चालक आणि 2.3 इंची टायर असेल तर पुढे 20 ते 22, मागे 23 ते 25 पीएसआयपासून सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर 2 वाढवा. मोठ्या पंपाचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, वेगळा डिजिटल गेज घ्या.

प्रश्न: ट्यूबलेस केल्यावर सुटी ट्यूब न्यावी लागते का?

हो. काटा उपटून ते भोक जमिनीकडे फिरवलं की सीलंट तिथे गोळा होऊन ते बुजवतं. मोठ्या भोकाला रबरी प्लग लावा. टायर चिरला तर मात्र ट्यूबच हवी. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवा: सीलंटने गुपचूप बंद केलेले बाभळीचे काटे आतून टोक काढून बसलेले असतात आणि एकही राहिला तर नवी ट्यूब मिनिटभरात जाते. हे न करता ‘ट्यूबही खराब निघाली’ म्हणणारे अनेक आहेत.

प्रश्न: छोट्या सीओटू सिलिंडरने हवा भरली तर?

रस्त्यात अडल्यावर चालेल. पण त्या वायूने बरीच लॅटेक्स सीलंट गोळा होऊन बसतात. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा आणि सीलंट तपासा.

प्रश्न: मागच्या टायरच्या बाजूला एक सेंमीची चीर आहे. प्लग लावून दोन महिने चालवतोय, हवा टिकते. टायर दिवाळीनंतर बदलला तर चालेल?

चालणार नाही. बाजूच्या चिरेत कापडाचे धागे तुटलेले असतात, आणि प्लग हवा अडवतो, ताकद देत नाही. प्रत्येक वळणावर चीर थोडी वाढते आहे. आज टायर काढा, आतून बघा. धागे तुटलेले दिसले तर तो टेकडीवर पुन्हा नेऊ नका. चीर किती खोल आहे हे कळत नसेल तर आठवडा संपण्याआधी जवळच्या मेकॅनिकला दाखवा, आणि तोवर सायकल उभी ठेवा.