गाडी उभी असतानाच इंजिन का तापते?

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो आणि निपाणीच्या हमरस्त्याला लागल्यावर उतरतो, असे आपण लिहिले आहे, त्यावरून रेडिएटरचा (इंजिनातून येणारे गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) विजेवर चालणारा पंखा फिरत नसावा. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, परंतु उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याला करावे लागते. इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी तपासावी, मग इंजिन सुरू करून एसी लावावा: बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. तो एसीवर फिरत असेल, परंतु काटा चढूनही एरवी फिरत नसेल, तर तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा. अजिबात फिरत नसेल, तर आधी स्वस्तातले फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) पाहावेत, मोटर त्यानंतर. मात्र तवंदी घाट चढतानाही काटा वर जात असेल, तर तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंपही मेस्त्रींकडून तपासून घ्यावेत. कृपया तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका, कारण दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात.